काशिनाथ ब्रास बँडचा कालचा आवाज

बोरखेड्याच्या काशिनाथ ब्रास बँडने वाजवलेलं दुसऱ्या दिवशी ऐकू येत असे. बरोबर चोवीस तासांनी, जिथे वाजवलं त्याच जागी, आणि बँड ज्या गतीने चालला असेल त्याच गतीने पुढे सरकत. वाजवताना मात्र काहीही ऐकू येत नसे. अकरा माणसं लाल कोट घालून, गाल फुगवून, हात हलवून रस्त्याने निघून जात आणि मागे फक्त त्यांच्या चपलांचा आवाज राही.

पंचक्रोशीत कुणाला यात वावगं वाटत नव्हतं. वरात बुधवारी असेल तर बँड मंगळवारी येऊन मारुतीपासून मांडवापर्यंत वाजवून जाई. बुधवारी त्याच वेळेला मारुतीपुढे सूर उमटत आणि मांडवाकडे निघत. नवरदेवाने फक्त त्यांच्याबरोबर चालायचं. एकदा एका गावात घोडी अडून बसली आणि वाजप एकटंच पुढे गेलं. मांडवाच्या दारात मुलीचे मामा उभे होते. माणूस रीतीभातीचा. त्यांनी त्या रिकाम्या वाजपालाच कुंकू लावलं, ओवाळलं आणि आत घेतलं. नवरदेव वीस मिनिटांनी घामाघूम होऊन पोचला. त्या जावयाला सासुरवाडीत अजून दुसऱ्या पंगतीला बसवतात असं म्हणतात.

बँड काढला काशिनाथ लोंढे यांनी. त्यांनी एकच नियम घालून दिला होता: वाजवणाऱ्याने आपलं वाजवणं ऐकायचं नाही. ऐकलं की माणूस कालची चूक दुरुस्त करायला थांबतो, आणि तो थांबला की वरात खोळंबते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून तालमीला सात वारांचे सात रस्ते ठरलेले होते. सोमवारी गावातली मधली गल्ली, मंगळवारी कॅनॉलचा रस्ता, बुधवारी स्मशानाकडची वाट, असं करत रविवारपर्यंत. आज जिथे वाजवलं तिथे उद्या त्याच वेळेला बँडातलं कुणी फिरकत नसे, कारण उद्या त्याच वेळेला सगळे दुसऱ्या रस्त्यावर असत. ग्रामपंचायतीने या वेळापत्रकावर शिक्का मारून ते चावडीत लावलं होतं.

चुका तरीही कळत. गावातले लोक सांगत. अब्बास मुजावर ट्रम्पेट वाजवायचा. त्याला पिठाच्या गिरणीवाला सांगायचा, "अब्बासभाई, काल नाक चोंदलं होतं काय? आज जरा दबून आलं." विलास कसबे मोठा ढोल वाजवायचा. त्याची एक मात्रा हुकली तर कॅनॉलवर धुणं धुणाऱ्या बाया दुसऱ्या दिवशी त्याला हुकलेली जागा दाखवायच्या.

क्लॅरनेटबद्दल मात्र कधीच कुणी काही बोललं नव्हतं.

क्लॅरनेट वाजवायचा शिवदास लोंढे, काशिनाथांचा मुलगा आणि बँडचा मास्तर. वय अठ्ठावन्न. एकतीस वर्षांपूर्वी वडिलांनी क्लॅरनेट त्याच्या हातात दिला आणि तेव्हापासून तो इमानेइतबारे फुंकत होता. चूक झाली असं कुणी सांगितलं नाही. छान झालं असंही कुणी सांगितलं नाही. पहिली दहा वर्षं त्याला हा आपला मोठेपणा वाटला. मास्तरला कोण बोलणार, असं. मग हळूहळू एक शंका मनात शिरली आणि घर करून बसली. आपला क्लॅरनेट वाजतच नसेल तर? दहा वाद्यांचा आवाज उमटत असेल आणि अकरावं नुसतंच हवेत फुंकलं जात असेल तर? हे कुणाला विचारायची सोय नव्हती. उत्तर 'नाही' आलं असतं तर पुढचं आयुष्य काढायचं कुठे?

त्यात त्याच्या वरच्या दोन पुढच्या दातांनी दगा दिला. तालुक्याच्या डॉक्टरांनी ते बोटाने हलवून बघितले आणि काढायची तारीख दिली. क्लॅरनेटचं तोंड त्याच दातांवर टेकतं. ते गेले की क्लॅरनेट गेला.

अशा वेळी सोलापूरहून पत्र आलं. ध्वनिलेखा स्टुडिओ ग्रामीण बँडांची एक कॅसेट काढत होता आणि तीत काशिनाथांनी बांधलेली वरातीची चाल घ्यायची होती. पत्र सरळ होतं. 'आपला आवाज एक दिवस उशिरा येतो हे आम्हास ज्ञात आहे. त्यानुसार गुरुवार वाजवण्यासाठी व शुक्रवार मुद्रणासाठी राखून ठेवला आहे. कळावे.' खाली सही: नीलाक्षी आराध्ये, ध्वनिमुद्रक.

शिवदासने पत्र तालमीत मोठ्याने वाचलं, मग अब्बासने वाचलं, मग विलासने नुसतं हातात धरलं. अकरा माणसांच्या अंगात वारं भरलं. त्याच संध्याकाळी सभा झाली आणि दोन ठराव झाले. एक, स्टुडिओला जायचं. दोन, कॅसेटपुरता काशिनाथांचा नियम शिथिल करायचा आणि सगळ्यांनी एकदा आपलं वाजवणं ऐकायचं. दुसऱ्या ठरावाला अनुमोदन द्यायला अकराच्या अकरा हात वर गेले. शिवदासचा सगळ्यात शेवटी गेला आणि सगळ्यात वर गेला.

तयारीला लागल्यावर पहिली अडचण ही निघाली की स्टुडिओतली खोली पंधरा फूट लांब आणि बारा फूट रुंद आहे, आणि बँडला उभं राहून वाजवता येत नाही.

"बघू तरी एकदा उभं राहून," अब्बास म्हणाला.

सगळे चावडीपुढे ओळीने उभे राहिले. शिवदासने मान हलवून इशारा दिला. कुणाचंच बोट हललं नाही. विलासने टिपरू वर उचललं ते वरच राहिलं.

"पाय हलल्याबिगर हात खाली येत न्हाई, मास्तर," तो म्हणाला. "म्यां काय करू?"

त्याचं खरं होतं. वाजवताना काही ऐकूच येत नसल्यामुळे सगळा बँड एकमेकांच्या पावलांवर चालायचा. डावा पाय म्हणजे सम. पाऊल थांबलं की ताल थांबला. तेव्हा गोल फिरून वाजवायचं ठरलं. शाळेच्या कबड्डीच्या मैदानावर पंधरा बाय बाराची चुन्याची चौकट आखली आणि रविवारी अकरा वाजता बँड तिच्यात गरगर फिरू लागला. चौथ्या फेरीला विलासला घेरी आली आणि तो ढोलासकट खाली बसला. मग दर दोन फेऱ्यांनी दिशा उलटी करायची असं ठरलं. तरी वळताना ट्रम्पेट कुणाच्या तरी पाठीत रुतायचा तो रुतायचाच.

सोमवारी अकरा वाजता मैदानावर तो आवाज उमटला आणि गोल फिरू लागला. मुख्याध्यापकांनी बाहेर येऊन बघितलं, घड्याळ बघितलं आणि सातवीला कवायतीला सोडलं. मुलं आवाजाच्या मागे पळाली, आवाज उलटा वळला की मुलंही वळली. दुपारी मुख्याध्यापकांचं पत्र आलं की कवायत उत्तम झाली, मात्र पुढील वेळी तीन दिवस आधी कळवावे.

मग कोटांचा प्रश्न निघाला. कॅसेटमध्ये कोट दिसत नाही हे सगळ्यांना माहीत होतं आणि तरीही बिनकोटाचं वाजवावं असं एकालाही वाटलं नाही. अकरा लाल कोट धुऊन मधल्या गल्लीत वाळत पडले. सोनेरी झालर तीन ठिकाणी सुटली होती, ती शिवदासच्या बायकोने, सोजरबाईने, शिवून दिली. पितळेची वाद्यं चिंचेने घासून इतकी लखलखीत झाली की विलास ढोलाकडे बघून हळहळला. त्याच्या ढोलाला घासण्याजोगं काहीच नव्हतं. शेवटी त्याने ढोलाच्या कड्यांना तेल लावलं.

दुसरी अडचण पत्रासोबत आलेल्या स्टुडिओच्या फॉर्मात होती. नववा रकाना असा होता: 'आवाज ओळखणाऱ्याचे नाव. मुद्रित झालेला आवाज आपलाच आहे अशी ओळख पटवून सही करणे आवश्यक.'

शिवदासने पेन उचललं आणि खाली ठेवलं.

"आपल्यातलं कोन वळखंल?" त्याने विचारलं.

अकरा माणसांपैकी एकानेही तो आवाज कधी ऐकला नव्हता. उद्या कुणी दुसऱ्याच बँडचा आवाज पुढे ठेवला असता तर त्यांनी आनंदाने त्यावर सह्या केल्या असत्या.

"वहिनी हायत की," अब्बास म्हणाला. "सोमवारी आपन वहिनींच्या दारावरनं जातो. मंगळवारी पाचला तो आवाज कोन ऐकतंय? त्याच. तेबी एकतीस वर्सं."

हे शिवदासच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. एकतीस वर्षं ते त्याच्या लक्षातच होतं. गावात एक माणूस असं होतं ज्याला सगळं ठाऊक होतं, आणि त्याच माणसाच्या हातचं तो दोन वेळा जेवत होता, आणि त्याने कधी विचारलं नव्हतं. त्याने नवव्या रकान्यात लिहिलं: सोजरबाई शिवदास लोंढे.

"मला काय समजतंय त्यातलं?" सोजरबाई म्हणाली.

"नुसतं ऐकायचं आन् आमचं हाय का न्हाय ते सांगायचं."

"तेवढं सांगीन," ती म्हणाली आणि झालरीचा दोरा दाताने तोडला.

गुरुवारी सकाळच्या एसटीने बारा माणसं आणि एक ढोल सोलापूरला पोचले. आराध्ये मॅडम पस्तिशीच्या, शांत, कानामागे पेन्सिल खोवलेल्या. त्यांनी खोलीच्या चारी भिंतींना माइक लावून ठेवले होते आणि जमिनीवर खडूने वाट आखली होती. बँडच्या कोटांकडे बघून त्या म्हणाल्या, "छान केलंत." विलासला एवढं बरं वाटलं की त्याचे दोन्ही कान लाल झाले.

अकरा वाजून दहा मिनिटांनी बँड वाजवायला लागला. कुणाला काही ऐकू आलं नाही. नऊ मिनिटं अकरा माणसं त्या खोलीत गोल फिरली, उलटी फिरली, घामाने निथळली आणि काशिनाथांची चाल पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत न अडखळता वाजवून मोकळी झाली. शिवदासने डोळे मिटून फुंकलं. दात दुखत होते तरी एक जागा सोडली नाही. आराध्ये मॅडमनी काचेमागून अंगठा दाखवला.

"कसं झालं?" शिवदासने बाहेर येऊन विचारलं.

"ते उद्याच कळेल," त्या म्हणाल्या. "माइक रात्रभर असेच राहतील. खोलीला कुलूप लावते."

सगळे जण देवस्थानच्या धर्मशाळेत उतरले. शुक्रवारी दहालाच स्टुडिओच्या दारात हजर झाले, कोट घालून, जणू आजही वाजवायचंच आहे.

सोजरबाईला काचेच्या खोलीत खुर्चीवर बसवलं. आराध्ये मॅडमनी तिच्या पदरावरूनच कानांना हेडफोन लावले. बँडला बाहेरच्या बोळात उभं राहावं लागलं.

"आम्हाला बी ऐकायचं हाय," शिवदास म्हणाला. "ठराव झालाय."

"ओळख पटल्याशिवाय आवाज बाहेर सोडता येत नाही, मास्तर. मागे एका भजनी मंडळाच्या कॅसेटमध्ये कुणाचा तरी आठवडाभरापूर्वीचा खोकला गेला. तेव्हापासून नियम आहे. सही झाली की सगळ्यांना ऐकवते."

अकरा वाजून दहा मिनिटं झाली. काचेमागे यंत्रावर टेपची फिरकी फिरू लागली. बोळात आवाजाचा लवलेश नव्हता. अकरा माणसं सोजरबाईच्या तोंडाकडे बघत होती. तिचं तोंड बाजारात वांगी निवडताना असतं तसं होतं. एकदा तिने भुवई उचलली, तेव्हा अब्बासने आपला ट्रम्पेट उगाच घट्ट धरला. एकदा ती पुढे वाकली आणि मागे झाली. शिवदास त्या तोंडावर फक्त एकच गोष्ट शोधत होता, आणि ती एकतीस वर्षांच्या ओळखीच्या तोंडावर कुठे लिहिलेली असेल हे त्याला सापडत नव्हतं.

नऊ मिनिटांनी सोजरबाईने हेडफोन काढला. मान हलवली. आराध्ये मॅडमनी दार उघडलं.

"ह्यो आमचा न्हाई," सोजरबाई म्हणाली.

बोळात विलासने ढोल खाली ठेवला.

"काकू, हाच बँड काल इथे वाजवून गेला. मी स्वतः बघितलं," आराध्ये मॅडम म्हणाल्या.

"वाजवला आसंल. पर आमचा न्हाई ह्यो."

मॅडमनी कानामागची पेन्सिल काढली. "कशावरून म्हणता? कारण लिहावं लागेल."

"आमच्यातला क्लॅरनेट दारापाशी थांबतो," सोजरबाई म्हणाली. "लांबनं येतो, गिरनीपास्नं. वाजत वाजत येतो. आमच्या दाराला आला की गप होतो. बाकीचं सगळं चालू ऱ्हातं, त्यो तेवढा गप. मंग परत उचलतो आन् जातो चावडीकडं. एकतीस वर्सात एक मंगळवार चुकला न्हाई. ह्यात कुटं थांबला? नुसता गरागरा फिरतोय."

दहा माना शिवदासकडे वळल्या.

"मास्तर," विलास म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. एकदा एक मात्रा हुकली म्हणून शिवदासने त्याला कॅनॉलचा सगळा रस्ता दोनदा चालवला होता. "मास्तर, तुमी वाजवायचं थांबता?"

शिवदासने कोटाचं वरचं बटण लावलं. ते आधीच लावलेलं होतं.

"हळूच भाकरी टाक म्हनतो," तो म्हणाला.

"वाजवता वाजवता?"

"चार मात्रांत बसतं."

विलास बोटांवर चार मात्रा मोजू लागला. अब्बासने भिंतीकडे तोंड केलं आणि त्याचे खांदे हलू लागले.

आराध्ये मॅडमनी रकान्यात लिहून घेतलं: 'ओळख पटली नाही. क्लॅरनेटचा चार मात्रांचा खंड आढळला नाही.' नियमाप्रमाणे ती फिरकी 'हक्क न सांगितलेले आवाज' अशी चिठ्ठी लावलेल्या कपाटात गेली. मग त्यांनी डायरी चाळली. "ओळखणाऱ्याला जिथे ओळखता येतो तिथेच आवाज घ्यावा लागेल. मंगळवारी मी यंत्र घेऊन तुमच्या दारात येते. तुम्ही सोमवारी नेहमीसारखं वाजवून ठेवा."

परतीच्या एसटीत शिवदासला खिडकीची जागा मिळाली. मोहोळ येईपर्यंत तो बाहेरच बघत होता. सोजरबाईला वाटलं, सही केली नाही म्हणून रागावलाय. पण त्याच्या डोक्यात वेगळाच हिशोब चालला होता. क्लॅरनेट थांबलेला तिला कळतो. थांबलेला कळायचा तर तो आधी वाजत असला पाहिजे. जे वाजतच नाही ते थांबेल कसं? त्याने हे उलटसुलट तीनदा तपासून बघितलं. कुठेच चूक निघाली नाही. इतक्या वर्षांचा दगड छातीवरून उतरला आणि त्याला इतका आनंद झाला की काय करावं ते सुचेना. शेवटी त्याने उठून सोजरबाईला खिडकीची जागा दिली.

"काय झालं?" तिने विचारलं.

"वारं खा जरा," तो म्हणाला.

शनिवारी पुन्हा सभा झाली. आता शिवदासच आडवा आला. गावच्या गल्लीत काय होतं ते होतं, पण कॅसेट ही कायमची गोष्ट. बापाच्या चालीला चार मात्रांचं भोक पडलेलं आणि ते पाडलेलं खुद्द मास्तरने, हे त्याला पटेना.

"मी सोमवारी न थांबता वाजवतो," तो म्हणाला. "सोजरला समजावतो. करंल ती सही."

"खोटी?" अब्बासने विचारलं.

शिवदास टोपी झटकू लागला.

"न थांबता वाजवलेलं सोलापूरच्या कपाटात पडलंय, मास्तर," अब्बास म्हणाला. "ते कुनाचंच न्हाई. आपलं कुटलं, ते वहिनींनी सांगितलंय."

विलासने ठराव मांडला की सोमवारी मास्तरांनी थांबावं. दहा हात वर गेले.

"ठराव करून थांबता येत न्हाई रे," शिवदास म्हणाला. "ते आपसूक होतं."

हीच खरी पंचाईत होती. सोमवार उजाडला. बुधवारी दात निघणार होते. ही त्याची शेवटची सोमवारची तालीम होती आणि पुन्हा वाजवून बघायची सोय नव्हती. थांबलो तर ते मुद्दाम थांबल्यासारखं होईल, आणि सोजर ते बरोबर ओळखेल. नाही थांबलो तर काम खलास. पाच वाजता बँड गिरणीपासून निघाला. शिवदास फुंकत होता आणि मनात सारखा म्हणत होता, विचार करायचा नाही, विचार करायचा नाही.

दार आलं. सोजरबाई उंबऱ्यावर पीठ चाळत बसली होती. तिने लेकीच्या लग्नातली जांभळी साडी नेसली होती, ती खास कॅसेटसाठी कपाटातून काढलेली होती, आणि कॅसेट उद्या होती. एकतीस वर्षं या बँडच्या नादाला लागून बिचारीचा दिवस चुकला होता. शिवदासला हसू आलं. चावडीच्या वळणावर पोचेपर्यंत त्याला आठवेना की दारापाशी आपण थांबलो की नाही.

"थांबलो का रे?" त्याने तालीम संपल्यावर विचारलं.

"आमी पुढं बघून चालतो," विलास म्हणाला. "तुमचाच नियम हाय."

सोजरबाईला विचारायची त्याची छाती झाली नाही. जेवायला बसला तेव्हा ताटात भाकरी होती, पण ती तर रोजच असे.

मंगळवारी चार वाजता आराध्ये मॅडम जीपने आल्या. त्यांनी उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना दोन माइक उभे केले आणि तुळशीच्या कट्ट्यावर यंत्र ठेवलं. कॅनॉलची तालीम रद्द झाल्याची नोटीस चावडीत लागली होती. बँडची दहा माणसं समोरच्या भिंतीला पाठ लावून, कोट घालून, टोप्या हातात घेऊन उभी राहिली. शिवदास उंबऱ्यावर सोजरबाईशेजारी बसला. या वेळेला या जागी तो एकतीस वर्षांत पहिल्यांदा बसत होता. सोजरबाई आज साधं लुगडं नेसून पीठ मळत होती.

"काकू, तुम्ही ऐकणार ना?" मॅडमनी विचारलं.

"ऐकतेच की. मळायला कान लागत न्हाईत."

पाच वाजले. गिरणीपाशी काहीतरी झालं. आधी ढोल आला, लांबून, जमिनीतून आल्यासारखा. समोर विलासचे पाय जागच्या जागी हलू लागले आणि तो ते थांबवू शकला नाही. मग ट्रम्पेट आला. अब्बासचं तोंड उघडंच राहिलं. "ह्यो मी?" तो हळूच म्हणाला. जो तो आपापलं शोधत होता.

आणि मग त्या सगळ्याच्या वरून क्लॅरनेट आला. शिवदासने मनात धरला होता त्यापेक्षा तो बारीक होता. थोडा थकलेलाही होता, वरच्या सुराला जरा कापत होता. पण होता. वडिलांची चाल हातात धरून गिरणीवरून, परटाच्या घरावरून, लिंबाखालून येत होता. शिवदासच्या डोळ्यांना पाणी आलं आणि त्याने ते पुसलं नाही. एवढा वेळ आपण कुठे होतो, असं त्याला वाटलं.

आवाज दारात आला. अगदी पुढ्यात, हात लावावा इतक्या जवळ.

क्लॅरनेट थांबला.

ढोल चालू होता, ट्रम्पेट चालू होता. क्लॅरनेटच्या जागी नुसती मोकळी जागा होती. सोजरबाईने पिठातून मान वर केली आणि शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे न बघता त्या मोकळ्या जागेकडे बघून म्हणाली,

"टाकते. हातपाय धुवा."

क्लॅरनेटने सूर उचलला आणि तो बाकीच्यांना जाऊन मिळाला. सगळा बँड दारावरून पुढे गेला, चावडीकडे वळला, लहान होत गेला आणि नाहीसा झाला. यंत्राची फिरकी फिरत राहिली.

शिवदास तिच्याकडे बघत होता.

"काय?" सोजरबाई म्हणाली.

"हे रोज म्हनतीस?"

"मंगळवारी. सोमवारी तुमी थांबता कुटं ऐकायला? बोलता आन् जाता."

आराध्ये मॅडमनी हेडफोन गळ्यात उतरवला. "मास्तर, आवाज उत्तम आलाय. पण मधल्या खंडात काकूंचं बोलणं आलंय. ते काढून तिथे नुसती शांतता ठेवता येईल. काढू?"

समोरच्या भिंतीपाशी दहा माणसं वाट बघत होती. शिवदासने त्यांच्याकडे बघितलं, मग बापाच्या चालीचा विचार केला, मग उद्याच्या दातांचा.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "ते त्यातलंच हाय."

मॅडमनी फॉर्म पुढे केला. सोजरबाईने पिठाचा हात पदराला पुसला आणि नवव्या रकान्यात एकेक अक्षर जोडत सही केली. शेजारी थोडं पीठ लागलं, ते मॅडमनी झटकलं नाही. मग सोजरबाई परात घेऊन आत गेली. चुलीवर तवा ठेवल्याचा आवाज आला.

शिवदास उठला आणि हातपाय धुवायला गेला.